शीलाबेनची बाराखडी उघडेना

खांडबाऱ्यात माझं औषधाचं दुकान आहे. त्याला लागूनच शीला पाटीलचं एम्ब्रॉयडरीचं. मधली भिंत एका विटेची, तीही वरपर्यंत गेलेली नाही. त्यामुळे तिच्याकडचं मशीन सुरू झालं की माझ्याकडच्या खोकल्याच्या बाटल्या किणकिणायला लागतात आणि तिच्या तोंडून निघालेला शब्द न् शब्द मला गिऱ्हाइकासकट ऐकू येतो. गेल्या सप्टेंबरात जे झालं ते मी असंच आधी भिंतीपलीकडून ऐकलं आणि मग नको नको म्हणत असताना त्यात ओढला गेलो.

शीला मूळची धानोऱ्याची. बारावीनंतर लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर सुरतेला, उधन्यात राहायला गेली. नवरा भूपेंद्र एका एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात मशीन चालवायचा. ही घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायची. एकदा नवऱ्याचा डबा द्यायला कारखान्यात गेली आणि ऑफिसातल्या संगणकासमोर बसलेला माणूस बघत उभी राहिली, ती डबा हातात घेऊनच अर्धा तास. तो माणूस पंचिंग करत होता. पंचिंग म्हणजे डिझाइनमधल्या प्रत्येक रेघेवरून सुईने कुठून कुठे जायचं, टाका केवढा घालायचा, धागा कुठे तोडायचा, हे सगळं संगणकावर आखून देणं. मशीन बिचारं आंधळं, सांगितलं तेवढंच शिवतं. अक्कल सगळी पंचिंगवाल्याची.

तिने दोन वर्षं शेठच्या मागे भुणभुण लावली. शेवटी पंचिंगवाला गावी गेला आणि परत आलाच नाही, तेव्हा हिला खुर्ची मिळाली. अकरा वर्षं ती त्या खुर्चीत बसली. कोरोनात कारखाना बंद पडला तेव्हा दोघं एक जुनं, एका डोक्याचं, म्हणजे एका वेळी एकच कापड शिवणारं मशीन टेम्पोत घालून इकडे आले. सुरतेहून आलेली म्हणून गावाने तिला शीलाबेन केलं. मीही तेच म्हणतो.

तिच्या हातात कसब काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचा सगळा त्रागा वेडेपणा वाटेल. तिच्या पंचिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजी अक्षरांचे चाळीस-पन्नास नमुने होते. मराठीचा एकही नव्हता. लोक मात्र ब्लाउजवर, रुमालावर, बाळाच्या दुपट्यावर मराठीतच नाव मागायचे. मग तिने स्वतः बाराखडी बसवली. एकेक अक्षर कागदावर काढायचं, संगणकात घ्यायचं, टाका टाका आखायचं, मशीनवर शिवून बघायचं. सगळ्यात छळलं ते वरच्या रेघेने. दोन अक्षरांच्या रेघा जिथे एकमेकींवर चढतात तिथे टाके दुप्पट होतात, कापडाचा दगड होतो आणि सुई मोडते. प्रत्येक अक्षराची रेघ किती आखूड ठेवली की शिवल्यावर ती अखंड दिसेल, हे शोधण्यात तिने सुयांची किती पाकिटं मोडली ते भूपेंद्रला विचारा. जोडाक्षरं वेगळी. वेलांट्या वेगळ्या. तीन वर्षं लागली. नंदुरबारपर्यंत कुणाकडे अशी अक्षरं नाहीत.

आणि ही बाराखडी त्या एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. ते सॉफ्टवेअर चालतं जुन्या विंडोज सेव्हनवर, तेही डोंगल लावलेलं असेल तरच. डोंगल म्हणजे पेनड्राइव्हसारखी दिसणारी किल्ली.

दोन वर्षांपूर्वी तिचा जुना संगणक जळाला, आतली डिस्क तेवढी वाचली. तिचा मावसभाऊ धर्मेंद्र नंदुरबारला संगणक दुरुस्ती करतो. त्याने तिला दुसरा संगणक आणून दिला आणि त्यात लिनक्स टाकलं. म्हणाला, याला व्हायरसची कटकट नाही. मग लिनक्सवर व्हर्च्युअलबॉक्स नावाचा प्रोग्राम टाकला. हा प्रोग्राम संगणकाच्या पोटात दुसरा, लटका संगणक उभा करतो. त्या लटक्या संगणकात विंडोज सेव्हन, त्यात पंचिंगचं सॉफ्टवेअर आणि त्यात शीलाबेनची बाराखडी. पेटीत पेटी, तिच्यात पेटी. पण चाललं. दोन वर्षं एकदाही कुरकुर न करता चाललं.

बुधवारी सकाळी दलसिंग सर आले. दलसिंग पावरा इथून जवळच्या आश्रमशाळेत खेळाचे शिक्षक आहेत, मूळचे धडगावकडचे. त्यांच्या मुलींचा खोखोचा संघ जिल्ह्यात पहिला आला होता आणि सोमवारी विभागाच्या स्पर्धेला निघणार होता. त्यांनी पंधरा निळी जॅकेटं काउंटरवर ठेवली आणि वर नावांची यादी ठेवली.

"पाठीवर नाव पाहिजे, ताई. मराठीत. मागच्या वर्षी माईकवरचा माणूस नुसता सात नंबर, नऊ नंबर करत होता. एका मुलीने मला विचारलं, सर, आमची नावं त्याला वाचता येत नाहीत का? छापून घेतलेली नावं दोन धुण्यांत निघून जातात. शिवलेलीच पाहिजेत."

"शनिवारी न्या," शीलाबेन म्हणाली. पंधरा नावं म्हणजे तिच्यासाठी दोन दिवसांचं काम.

त्याच सकाळी तिने एक गोष्ट केली होती. संगणक पंधरा दिवसांपासून कोपऱ्यात एक चौकट दाखवत होता, अपडेट आलंय, घ्या. ती रोज बाजूला सारायची. त्या दिवशी चहा उकळेपर्यंत होईल म्हणून तिने हो म्हटलं. संगणक बंद होऊन पुन्हा सुरू झाला. सर गेले, तिने यादी समोर लावली, व्हर्च्युअलबॉक्स उघडला, विंडोज सुरू करायला गेली आणि एक इंग्रजी चौकट आली. ती बंद केली, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तीच चौकट.

भिंतीपलीकडून मी ऐकलं ते असं : "अरे! आते काय व्हयनं याले?"

तिने धर्मेंद्रला फोन लावला. फोन स्पीकरवर, त्यामुळे मीही हजर.

"मी काहीच करं नही रे भाऊ. कालदिन चालू व्हतं, आज बंद."

"बायोसमा जाय," धर्मेंद्र म्हणाला. "व्हर्च्युअलायझेशन बंद व्हई गये व्हई. ते चालू कर."

बायोस म्हणजे संगणक जागा होताना अगदी पहिल्यांदा जी निळी-काळी पाटी दाखवतो ती. तिथे प्रोसेसरची एक सोय चालू-बंद करता येते, जिच्या जोरावर हे पोटातले संगणक पळतात. शीलाबेन तिथे गेली. सोय चालूच होती. तसं सांगितलं.

"मंग बंद करीसन परत चालू कर."

केलं. तीच चौकट. धर्मेंद्र म्हणाला, व्हर्च्युअलबॉक्स काढून पुन्हा टाक. टाकला. तीच चौकट. तो म्हणाला, तू नक्की बायोसमध्येच गेली होतीस ना? तेव्हा तिने फोन भूपेंद्रच्या हातात दिला आणि मागच्या दारी जाऊन उभी राहिली. दिवसभरात तिने बायोसची पाटी सहा वेळा उघडली. सहाही वेळा ती सोय चालू होती. संध्याकाळी धर्मेंद्रने निकाल दिला, "आते फॉरमॅटच मारनं पडी."

"फॉरमॅटनं नाव काढू नको," शीलाबेन म्हणाली. "मन्ही बाराखडी शे त्यामा."

मध्ये एकदा तिने सुरतेला पंचिंगचं सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना फोन करून पाहिला. तिकडच्या बाईने सगळं ऐकून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाली, "बेन, ए तो बहु जूनुं छे. नवुं लई लो." नवीनमध्ये माझी जुनी अक्षरं उघडतील का, असं विचारलं तर म्हणाली, ते सांगता येणार नाही. शीलाबेनने फोन ठेवला आणि मला भिंतीवरून विचारलं, "उमाकांतभाऊ, डोकेदुखीची गोळी कोणती चांगली?" मी पट्टी भिंतीवरूनच दिली.

गुरुवारी धर्मेंद्रला एक अक्कल सुचली. तो लटका संगणक म्हणजे शेवटी एक मोठी फाइलच. ती घेऊन ये, माझ्या दुकानातल्या विंडोजच्या संगणकावर चालवू. शीलाबेन फाइल एका डिस्कवर उतरवून, डोंगल पर्समध्ये घालून, सकाळच्या गाडीने नंदुरबारला गेली. तिथे विंडोज सेव्हन उघडलं! तिच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. पण पाणी वाळलं तरी पडद्यावरची पाटी पूर्ण दिसेना. माउस हलवला की बाण तीन सेकंदांनी हलायचा. खिडकीच्या खाली कोपऱ्यात एक हिरवं कासव दिसत होतं.

"हे कासव कसानं?" तिने विचारलं.

धर्मेंद्रने शोधून सांगितलं की त्याच्या नव्या विंडोजमध्ये पोटातले संगणक चालवणारं विंडोजचं स्वतःचं एक यंत्र पहिल्यापासून चालूच असतं. प्रोसेसरची ती सोय ते आधी घेऊन बसतं, मग व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्या हाताखाली, हळूहळू काम करावं लागतं. म्हणून कासव.

"ते यंत्र तू चालू करेल शे का?"

"नही. ते पहिलाफाईनच चालू ऱ्हास."

"मंग बंद कर."

धर्मेंद्रने एका ठिकाणी बंद केलं. कासव गेलं नाही. दुसरीकडे बंद केलं. गेलं नाही. त्यात त्या संगणकाला तिचं डोंगल दिसायचं बंद झालं. दुपारच्या गाडीने ती परत आली. स्टेशनवरून घरी न जाता सरळ दुकानात आली, डिस्क टेबलावर आपटली, आणि निळ्या जॅकेटांच्या ढिगाकडे बघत बसली. भूपेंद्र काही विचारायला गेला नाही. एवढी वर्षं संसार केलेला माणूस आहे.

शुक्रवारी सकाळी ती माझ्या काउंटरवर आली. हातात फोन. फोनवर त्या चौकटीचा फोटो आणि फोनने केलेलं त्याचं मराठी. मी वाचलं : "कृपया दाण्याचा विस्तार निकामी करा, आपला दाणा पुन्हा रचा आणि बूट घाला."

मागे उभा असलेला भूपेंद्र म्हणाला, "कसाना दाना? मक्काना का?"

शीलाबेनने त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी इथे लिहीत नाही. मला म्हणाली, "तुम्ही औषधाच्या खोक्यातल्या बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या वाचता ना, भाऊ? मग ही वाचा."

मी संगणकातला माणूस नाही. बिलापुरता तो मला येतो. पण इंग्रजी वाचता येतं, आणि त्या पंधरा जॅकेटांतली काही माझ्याकडे मलम न्यायला येणाऱ्या पोरींची होती. मी चष्मा लावला. चौकटीत लिहिलं होतं की व्हर्च्युअलबॉक्सला चालता येत नाही, कारण केव्हीएम चालू आहे. ते कर्नेलमधून बंद करा, कर्नेल नव्याने बनवा आणि संगणक पुन्हा सुरू करा. कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याचाच फोनने दाणा केला होता.

"केव्हीएम कोण?" शीलाबेन म्हणाली. "मी नाही टाकलं. धर्मेंद्रलाही विचारलं, त्यानेही नाही टाकलं."

चौकटीच्या शेवटी मोठ्या अक्षरांत एक लांबलचक सांकेतिक शब्द होता. तो तिने अक्षर न् अक्षर तपासून फोनवर शोधायला टाकला. पंचिंगवाली बाई, एक टाका इकडचा तिकडे होऊ द्यायची नाही. जगभरची माणसं त्याच शब्दाशी डोकं आपटत बसलेली निघाली. एक म्हणत होता, मी काहीच बदललं नाही. दुसरा म्हणत होता, कालपर्यंत चालू होतं. शीलाबेनने ते वाचून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा! बघा!" जणू मीच दोन दिवस तिला खोटं पाडत होतो. आणि प्रत्येकाला खाली पहिलं उत्तर काय, तर बायोसमध्ये जा.

"बायोसमध्ये जा म्हणणारा एकेक माणूस इथे आणा माझ्यासमोर," ती म्हणाली. काउंटरवर उभी असलेली म्हातारी घाबरून मागे सरकली.

खाली, पानाच्या पार तळाला, कुठल्या तरी देशातल्या कुणी तरी एक ओळ दिली होती. केव्हीएमला चालू गाभ्यातून खाली उतरवायची आज्ञा. मी ती कागदावर लिहून दिली, आम्ही दोघं भिंतीपलीकडे गेलो. तिने संगणकाला आज्ञा लिहून द्यायची काळी खिडकी उघडून ओळ टाकली. पासवर्ड टाकला. काहीच झालं नाही. ना चूक, ना बरोबर. नुसती पुढची ओळ.

"हे बोलतसुद्धा नाही," ती म्हणाली.

पण व्हर्च्युअलबॉक्स उघडला आणि विंडोज सेव्हनची खिडकी उजळली. मग पंचिंगचं सॉफ्टवेअर. मग तिची बाराखडी, अ पासून ज्ञ पर्यंत, जिथल्या तिथे. ओढणीच्या टोकाने तिने पडदा पुसला आणि यादीतलं पहिलं नाव घेतलं. रविना.

चार नावं झाली. पाचव्याला लाइट गेली. तिच्याकडची बॅटरी मशीनपुरती, संगणक विझला. दीड तासाने लाइट आली, संगणक सुरू केला, आणि पुन्हा तीच चौकट.

मी आतापर्यंत तिच्या तोंडून अहिराणी शिव्या ऐकल्या नव्हत्या. त्या दिवशी ऐकल्या. काही गुजरातीही होत्या.

मी कागद घेऊन गेलो. ती ओळ पुन्हा टाकली, पुन्हा चाललं. म्हणजे संगणक सुरू झाला की केव्हीएम परत आपला येऊन बसायचा. भूपेंद्र समजुतीने म्हणाला, "दर वखत टाकत जाय ना ती वळ. दोनच मिनिट लागतस."

"कसाले?" शीलाबेन खुर्चीवरून उठलीच. "कसाले मी दर वखत टाकू? मी काय करेल शे? माले कोनी इचारं का?"

तिचं म्हणणं खरं होतं. दोन मिनिटांचा प्रश्नच नव्हता. तीन दिवस प्रत्येकाने तिला असंच वागवलं होतं की तूच कुठेतरी काहीतरी दाबलं असशील. एक ओळ टाकून गप्प बसणं म्हणजे ते कबूल करण्यासारखं तिला वाटत होतं. ती यादी बाजूला ठेवून म्हणाली, "भाऊ, बाकीचं वाचा. हे का झालं ते वाचा."

शनिवारी दुपारी भूपेंद्रला माझ्या गिऱ्हाइकांवर नजर ठेवायला सांगून मी ते वाचलं. शनिवारी माझ्याकडे गर्दी नसते. गोष्ट अशी होती. केव्हीएम हासुद्धा पोटातले संगणक चालवणाराच, व्हर्च्युअलबॉक्सचा भाऊबंद. फरक एवढाच की तो लिनक्सच्या गाभ्यातच येतो, टाकावा लागत नाही. तिच्या संगणकावर तो दोन वर्षं होताच. पण पूर्वी तो कुणी काम सांगितल्याशिवाय प्रोसेसरच्या त्या सोयीला हात लावायचा नाही. गाभ्याच्या सहा-बारा क्रमांकाच्या आवृत्तीपासून बनवणाऱ्यांनी ठरवलं की यापुढे केव्हीएम सुरुवातीलाच ती सोय ताब्यात घेईल, म्हणजे त्याचे स्वतःचे संगणक चटकन सुरू होतील. आणि ती सोय एका वेळी दोघांना मिळत नाही. शीलाबेनने चहा उकळेपर्यंत जे अपडेट घेतलं, त्यात हा नवा गाभा आला.

मी जमेल तसं हे सांगितलं. भूपेंद्रला आधी कळलं. "म्हणजे यस्टीमा रुमाल टाकीसन जागा धरस तसं," तो म्हणाला. "स्वतःले बठनं नही, दुसराले बठू द्यानं नही."

"आणि कंडक्टर मला विचारतो, तुमचं तिकीट कुठे," शीलाबेन म्हणाली.

त्याच पानावर कायमचा उपाय होता. संगणक सुरू होताना गाभ्याला एक शब्द सांगायचा, की केव्हीएमने सुरुवातीला काही घेऊन बसायचं नाही. लांब शब्द, टिंब, तीनदा खाली-रेघ, बरोबरचं चिन्ह आणि शून्य. तो एका विशिष्ट फाइलीत, विशिष्ट ओळीत, अवतरणचिन्हांच्या आत घालायचा होता. त्या फाइलीत गडबड झाली तर संगणक सुरूच व्हायचा नाही, असा इशाराही कुणी दिला होता. मी वाचत गेलो, ती टाकत गेली. मग ती मला थांबवून उलट्या बाजूने वाचून दाखवू लागली, शून्यापासून मागे, म्हणजे डोळा फसत नाही. पंचिंगमध्ये असंच तपासतात म्हणे.

फाइल ठेवली. संगणक बंद केला, चालू केला. चौकट आली.

शीलाबेनने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि डोकं त्यावर टेकवलं. मला वाटलं रडते आहे. खाली बघून तिने विचारलं, "भाऊ, तुम्ही एखादी ओळ गाळली का?"

गाळली होती. फाइल बदलल्यावर ती लागू करायची आणखी एक आज्ञा होती, पुढच्या परिच्छेदात. मी तो परिच्छेद वाचलाच नव्हता. आयुष्यभर लोकांना सांगत आलो की औषधाची चिठ्ठी पूर्ण वाचा. मी कबूल केलं.

आज्ञा टाकली. संगणक बंद, चालू. विंडोज सेव्हन उघडलं. तिने पुन्हा बंद केला, पुन्हा चालू केला. उघडलं. तिसऱ्यांदा मुद्दाम मेन स्विच खाली ओढला, भूपेंद्र ओरडला तरी. संगणक आला तशी बाराखडी आली.

सरांना सोमवार सकाळचा निरोप गेला होता, आणि रविवारी मशीन सकाळपासून सुरू होतं. यादीत एक स्नेहप्रिया होती. तिची दोन जोडाक्षरं पाठीवरच्या एवढ्या मोठ्या मापात शीलाबेनने कधी शिवलीच नव्हती, ती नव्याने बसवावी लागली, त्यात दोन सुया मोडल्या. संध्याकाळी चारला पंधरावं जॅकेट फ्रेममधून निघालं.

सोमवारी सकाळी दलसिंग सर गाडी बाहेर उभी करून आले. मुली गाडीतच होत्या, काचेतून डोकी बाहेर. सरांनी एकेक जॅकेट उलटून नाव मोठ्याने वाचलं, गाडीतून प्रत्येक नावाला हाक आली. सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, "शनिवारचं म्हणाला होतात, ताई. काय अडचण आली होती?"

शीलाबेनने तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. पेटीतल्या पेट्या, दाणा, कासव, रुमाल, सगळं तिच्या चेहऱ्यावरून गेलं.

"काही नाही, सर," ती म्हणाली. "लाइट गेली होती."

मुली दुसऱ्याच सामन्यात हरल्या. सर सांगत होते, थोडक्यात गेला. जॅकेटं मात्र त्या अजून घालून फिरतात, उन्हातसुद्धा.

धर्मेंद्रला तिने फोनवर सगळं समजावून सांगितलं, त्याच्या बाकीच्या गिऱ्हाइकांचंही असं होईल म्हणून. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "इतलंच व्हतं?" तिने फोन बंद केला. आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही.

पण एक गोष्ट तिच्या मनातून गेली नाही. मला म्हणाली, "उद्या कुणी तिसराच काहीतरी ठरवेल, भाऊ. मला न विचारता. मग मी परत चार दिवस बायोसमध्ये." लिनक्सवर थेट चालणारं, डोंगल नको, विंडोज नको असं एक फुकटचं पंचिंग सॉफ्टवेअर तिने शोधून काढलं आहे. जुनी अक्षरं त्यात जशीच्या तशी येत नाहीत, टाके विसकटतात. म्हणून ती बाराखडी पुन्हा पहिल्यापासून बसवते आहे, दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा, एकेक अक्षर. दिवाळीपर्यंत क ते ञ झालं होतं. परवा भिंतीपलीकडून ती भूपेंद्रला सांगत होती की 'ढ' काही केल्या नीट वळत नाही, आणि या नव्या सॉफ्टवेअरला प्रत्येक रेघेच्या टोकाला आपली आपण गाठ मारायची अक्कल कुणी दिली ते एकदा तिला कळू दे.

मी गोळीची पट्टी काढून तयार ठेवली.